औषध एकच, बिलं दोन

आजचा भाग गांजावर आहे. ज्यांनी थंबनेल बघून वेगळ्याच अपेक्षेने प्ले दाबलंय, त्यांची थोडी निराशा होणार आहे, कारण आज मला बोलायचंय ते बिलाबद्दल. डॉक्टरांनी गांजापासून बनवलेलं औषध लिहून दिलं, कायद्याने ते घ्यायला परवानगी आहे, मेडिकलवाला द्यायला तयार आहे. मग काउंटरवर पैसे कोण देणार?

प्रश्न साधा वाटतो ना? पण त्याच्या मागे जवळपास 180 वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो आपल्याकडे, कलकत्त्यात.

1830 च्या दशकात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी नावाचा एक तरुण आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत होता. पुढे भारतात तारायंत्राचं जाळं उभं केलं, तोच हा माणूस. त्याने पाहिलं की इथले वैद्य आणि हकीम गांजा, भांग औषधात वापरतात. त्याने त्यांना विचारलं, जुने ग्रंथ समजून घेतले, आधी जनावरांवर प्रयोग केले आणि मग रुग्णांना अर्क देऊन बघितला. धनुर्वात, संधिवात, पटकी अशा आजारांत. 1839 मध्ये त्याने हे सगळं लिहून काढलं. युरोपातल्या डॉक्टरांना या वनस्पतीची शास्त्रशुद्ध ओळख झाली ती या लिखाणातून.

त्याच्या नोंदींमधली एक केस लक्षात ठेवा. अवघ्या 40 दिवसांची एक मुलगी. तिला सारखे झटके येत होते. त्या काळातले नेहमीचे उपाय करून झाले, गुण आला नाही. मग ओ'शॉनेसीने गांजाच्या अर्काचे थेंब सुरू केले, हळूहळू मात्रा वाढवली, झटके थांबले आणि मूल वाचलं. आता एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे खरंच. पण लहान मुलांचे झटके आणि गांजा यांचा संबंध तेव्हापासून कागदावर आहे. आपल्याला पुढे तो पुन्हा लागणार आहे.

1840 च्या दशकाच्या सुरुवातीला ओ'शॉनेसी हे औषध इंग्लंडला घेऊन गेला. लंडनमध्ये पीटर स्क्वायर नावाच्या औषध बनवणाऱ्याने त्याचा अर्क तयार केला आणि तो विकला जाऊ लागला. पण एक मोठी अडचण होती. प्रत्येक खेपेचा माल वेगळा. एका बाटलीने काहीच व्हायचं नाही आणि दुसऱ्या बाटलीने रुग्ण गरगरायचा. अफूमधून मॉर्फिन वेगळं काढता आलं होतं, त्यामुळे मॉर्फिनचा डोस मोजता यायचा. गांजामध्ये नेमकं काय काम करतंय, हेच कुणाला सापडत नव्हतं. मग इंजेक्शनं आली, ॲस्पिरिन आलं, झोपेच्या नव्या गोळ्या आल्या. गांजाचा अर्क कपाटात मागेमागे ढकलला गेला. 1932 मध्ये तो ब्रिटिश फार्माकोपियातून, म्हणजे अधिकृत औषधांच्या ग्रंथातून, गळला. तरी ब्रिटिश डॉक्टर 1973 पर्यंत तो कायदेशीरपणे लिहून देऊ शकत होते. त्यानंतर दार बंद.

मधल्या काळातली आपल्याकडची एक गोष्ट सांगते, कारण ती थेट पैशाची आहे. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. मुंबई इलाख्यासह देशभर फिरून कमिशनने 1,193 साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको. त्याऐवजी परवाने द्या, कर लावा. म्हणजे त्या वेळी सरकारच्या वहीत गांजा जमेच्या बाजूला होता. तो खर्चाच्या बाजूला कधी येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नसेल.

आता उडी मारूया विसाव्या शतकात. 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजामधला नशा आणणारा घटक वेगळा काढला. टीएचसी. त्याचा एक भाऊ आहे, सीबीडी. त्याने तशी नशा येत नाही. मेशुलाम यांना वाटलं, झटक्यांवर हा उपयोगी पडेल का बघावं. ब्राझीलमधल्या संशोधकांबरोबर त्यांनी एक छोटी चाचणी केली, ती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. अपस्माराचे 15 रुग्ण, ज्यांना नेहमीच्या गोळ्यांनी पुरेसा आराम पडत नव्हता. आठ जणांना सीबीडी, सात जणांना नुसतंच दिसायला औषध. सीबीडीवाल्या आठपैकी चौघांचे झटके जवळजवळ थांबले, आणखी तिघांना काही प्रमाणात फायदा झाला. दुसऱ्या गटात फक्त एकाला बरं वाटलं.

पंधरा माणसं म्हणजे पुरावा नव्हे, पण 'पुढे बघायला हवं' एवढं सांगायला ती पुरेशी होती. पुढे काय झालं? जवळजवळ काहीच नाही. तीसेक वर्षं मोठी चाचणी झाली नाही.

का नाही झाली? इथे सगळ्या गोष्टीची गाठ आहे. नवीन औषध बाजारात आणायचं तर शेकडो रुग्णांवर चाचण्या लागतात, त्यांचा खर्च प्रचंड. कंपनी तो करते, कारण पेटंट मिळालं की काही वर्षं बाजार तिचाच असतो आणि पैसे वसूल होतात. पण झाडाचं पेटंट घेणार कसं? शेतात उगवणारी, शिवाय बेकायदेशीर असलेली वनस्पती. मग तिच्यावर पैसे कोण लावणार? पुरावा नव्हता, कारण पुराव्यासाठी पैसे नव्हते. आणि पुरावा नाही म्हणून पुढे औषधालाही पैसे मिळेनात. चक्र पूर्ण.

हे चक्र एका ब्रिटिश कंपनीने तोडलं. 1998 मध्ये जेफ्री गाय आणि ब्रायन व्हिटल यांनी 'जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्स' सुरू केली. सरकारकडून परवाना घेऊन त्यांनी काचघरांत गांजा लावला आणि त्यापासून ठरलेल्या मात्रेचं, प्रत्येक खेपेला सारखंच निघणारं औषध बनवायला घेतलं. ओ'शॉनेसीच्या काळातली अडचण आठवतेय ना? तीच त्यांनी सोडवली आणि चाचण्याही केल्या. 2010 मध्ये त्यांच्या 'सॅटिव्हेक्स' या तोंडात मारायच्या स्प्रेला ब्रिटनमध्ये मंजुरी मिळाली. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात स्नायू आखडून जातात, त्यासाठी.

झालं, औषध आलं. पण मंजुरी वेगळी आणि पैसे वेगळे.

ब्रिटनमध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आहे. इंग्लंडमध्ये तिने कुठल्या औषधावर खर्च करावा, याचा सल्ला 'नाइस' नावाची संस्था देते. नाव नाइस, काम हिशेबाचं. ढोबळमानाने त्यांचं गणित असं: हे औषध दिल्याने रुग्णाला चांगल्या तब्येतीचं एक जादा वर्ष मिळायला किती खर्च येतो? त्या काळात 20,000 ते 30,000 पौंडांपर्यंत असेल तर चालतं, त्यापुढे कठीण. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण पैशाची थैली एकच असते. इथे दिलेला पौंड दुसऱ्या कुणाच्या तरी औषधातून येतो, आणि तो दुसरा रुग्ण टीव्हीवर दिसत नाही एवढंच.

2014 मध्ये नाइसने सांगितलं: सॅटिव्हेक्स देऊ नका, खर्चाच्या मानाने फायदा परवडत नाही. आणि त्याच वर्षी वेल्समध्ये, जिथे औषधांचा निर्णय वेगळी समिती घेते, ते मंजूर झालं! म्हणजे सेव्हर्न नदीच्या एका काठाला राहिलात तर स्प्रे सरकारी खर्चाने, दुसऱ्या काठाला राहिलात तर स्वतःच्या खिशातून. आजार तोच, स्प्रे तोच. फरक फक्त पत्त्याचा.

आता येतो 2018 वर. ब्रिटनमध्ये दोन लहान मुलं बातम्यांत होती: बिली कॉल्डवेल आणि आल्फी डिंगली. दोघांनाही अपस्माराचे अतिशय तीव्र प्रकार, नेहमीची औषधं अपुरी. आल्फीची आई हॅना डीकन त्याला घेऊन नेदरलँड्सला गेली होती. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गांजाच्या तेलाने त्याचे झटके खूप कमी झाले. पण ब्रिटनमध्ये परत आल्यावर तेच तेल बेकायदेशीर. जून 2018 मध्ये बिलीच्या आईने कॅनडाहून आणलेलं तेल हीथ्रो विमानतळावर जप्त झालं, काही दिवसांत बिलीला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि देशभर गदारोळ झाला. गृहमंत्री साजिद जाविद यांनी नियम बदलायची तयारी दाखवली. 1 नोव्हेंबर 2018 पासून ब्रिटनमधले तज्ज्ञ डॉक्टर गांजापासून बनवलेली औषधं लिहून देऊ शकतात.

आयांनी लढून कायदा बदलला. सिनेमा असता तर इथे संपला असता.

पण खरी कसोटी त्यानंतर लागली. या मुलांना उपयोगी पडत होती ती तेलं, ज्यांत सीबीडीबरोबर थोडं टीएचसीही असतं. त्यांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नव्हत्या. कायद्याने ती 'विनापरवाना औषधं' ठरली, म्हणजे देता येतात, पण काही झालं तर जबाबदारी सही करणाऱ्या डॉक्टरची. वर हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने खर्चाला होकार द्यायला हवा. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांचं म्हणणं होतं की वाढत्या मेंदूवर टीएचसीचा काय परिणाम होतो याची खात्री नाही, आम्ही पुराव्याशिवाय कसं लिहून द्यायचं? मी त्यांना खलनायक म्हणणार नाही. उद्या त्या मुलाला काही झालं असतं, तर आपणच त्यांना विचारलं असतं की पुरावा कुठे होता.

परिणाम मात्र असा झाला की अशी तेलं एनएचएसच्या खर्चाने मिळणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. आल्फी त्यांतला एक. बाकीचे आईबाप खासगी दवाखान्यांकडे गेले. काही कुटुंबांचा खर्च महिन्याला 2,000 पौंडांपर्यंत जात होता. म्हणजे जवळपास दोन लाख रुपये, दर महिन्याला. इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना एनएचएसचं औषध फुकट असतं. त्यामुळे तसंच तेल एका घरात शून्य पौंडांना येत होतं आणि दुसऱ्या घरात दोन हजारांना. त्या दुसऱ्या घरात लोक वर्गणी काढत होते, घरातल्या वस्तू विकत होते. आणि झटके असे असतात की औषधात खंड पडून चालत नाही. 'या महिन्यात जरा ओढाताण आहे, पुढच्या महिन्यात घेऊ' ही सोयच नाही.

शिवाय हे तेल बाहेरून यायचं. ब्रेक्झिट झालं, आणि 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटिश प्रिस्क्रिप्शन नेदरलँड्सच्या फार्मसीत चालणार नाही असं कळवलं गेलं, तेही जेमतेम दोन आठवडे आधी. पुढे धावपळ होऊन तात्पुरती सवलत मिळाली, पण ते दिवस त्या घरांनी कसे काढले असतील, विचार करा.

दरम्यान, जीडब्ल्यूने सीबीडीचं शुद्ध औषधही आणलं होतं, 'एपिडायोलेक्स'. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ड्रॅव्हे सिंड्रोम या दुर्मीळ अपस्माराचे 120 रुग्ण होते. औषध घेणाऱ्या गटात महिन्याचे झटके साधारण 12 वरून 6 वर आले, दुसऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. 2018 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि किंमत लागली वर्षाला सुमारे 32,500 डॉलर. ब्रिटनमध्ये कंपनीने एनएचएसला सवलत दिली, ती किती हे गुप्त ठेवलं गेलं, आणि डिसेंबर 2019 मध्ये नाइसने दोन दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारांसाठी त्याला होकार दिला. त्याच सुमाराला सॅटिव्हेक्सलाही दार उघडलं: कंपनीने पहिल्या चार आठवड्यांचं औषध स्वतःच्या खर्चाने द्यायचं, ज्यांना गुण येईल त्यांचं पुढचं बिल एनएचएस भरेल. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीने जीडब्ल्यू विकत घेतली, सुमारे 7.2 अब्ज डॉलरना.

1980 साली पंधरा रुग्णांवर जे दिसलं होतं, ते सिद्ध होऊन दुकानात यायला 38 वर्षं लागली. आणि आलं तेव्हा चाचणीचा सगळा खर्च, जोखीम आणि नफा किमतीत धरूनच आलं.

याच प्रश्नाला जर्मनीने वेगळं उत्तर दिलं. तिथली सुरुवात मला फार आवडते. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेला एक रुग्ण. त्याला औषध म्हणून फार्मसीतून गांजा विकत घ्यायची परवानगी होती, पण विमा पैसे देत नव्हता आणि ते परवडत नव्हतं. तो म्हणाला, मग मला घरी लावू द्या. सरकार नाही म्हणालं. प्रकरण कोर्टात अनेक वर्षं चाललं आणि 6 एप्रिल 2016 रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला: परवडेल असा दुसरा पर्याय नसेल, तर याला घरी झाडं लावायची परवानगी द्यावी लागेल. म्हणजे नुसती कागदावरची परवानगी पुरेशी नाही, ती खिशाला झेपली पाहिजे, हे एका कोर्टाने मान्य केलं.

सरकारला घरोघरी कुंड्या नको होत्या. म्हणून मार्च 2017 मध्ये नवा कायदा आला. गंभीर आजार असेल, इतर उपाय थकले असतील आणि डॉक्टरने लिहून दिलं, तर सार्वजनिक आरोग्य विम्याने पैसे द्यायचे. नकार फक्त अपवाद म्हणून, आणि तोही कारण देऊन. रुग्णाने काउंटरवर भरायचे प्रत्येक औषधामागे 5 ते 10 युरो. बदल्यात डॉक्टरांनी पाच वर्षं रुग्णांची नावं न देता माहिती सरकारला पाठवायची. थोडक्यात, आधी औषध द्या, पुरावा चालता चालता गोळा करू.

हे काही स्वर्ग नव्हतं. विमा कंपन्यांनी सुरुवातीला बरेच अर्ज नाकारले. आपल्याकडे 'क्लेम रिजेक्ट' म्हटलं की जसं पोटात गोळा येतो, तसंच तिथेही. फार्मसीच्या जुन्या नियमांमुळे किंमत फुगली, ती पुढे वाटाघाटी करून खाली आणावी लागली. 2021 मध्ये जर्मनीतच पिकवलेला माल सरकारी संस्थेने फार्मसींना ग्रॅमला 4.30 युरोने द्यायला सुरुवात केली. आणि 2022 मध्ये ती पाच वर्षांची माहिती बाहेर आली: 16,809 रुग्णांच्या नोंदी, त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक जुनाट वेदनेचे. बहुतेकांना काहीतरी फायदा झाल्याची नोंद होती. पण साधारण एक तृतीयांश लोकांनी वर्षाच्या आत औषध सोडलं, आणि सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं, गुण आला नाही. तुलनेला दुसरा गट नसल्याने ही माहिती ठाम पुरावा ठरत नाही. अपुरी का होईना, जर्मनीकडे नोंद आहे आणि त्या काळात रुग्ण उपाशी राहिले नाहीत.

ब्रिटनमध्येही माहिती गोळा होत होती. 2020 मध्ये 'प्रोजेक्ट ट्वेंटी ट्वेंटीवन' सुरू झाला. खासगी रुग्णांना एका औषधामागे महिन्याला कमाल 150 पौंड अशी मर्यादा घातली गेली आणि त्यांची माहिती संशोधनासाठी घेतली गेली. अनेकांना त्याचा मोठा आधार झाला. पण यात काय उलटंपालटं झालंय बघा. नेहमीच्या चाचणीत रुग्णाला औषध फुकट मिळतं, कारण तो शास्त्रावर उपकार करत असतो. इथे रुग्णच औषधाचे पैसे भरून पुरावा तयार करतोय. ज्याच्याकडे दीडशे पौंडही नाहीत, तो तर त्या आकडेवारीतही येत नाही.

मला या सगळ्या इतिहासातून कळलेली गोष्ट एवढीच: औषध मिळतं की नाही हे कायदा अर्धंच ठरवतो, उरलेलं ठरतं पुराव्याचा खर्च कोणी उचलला यावर. कंपनीने उचलला तर तो किमतीतून वसूल होतो. सरकारने किंवा विम्याने उचलला तर आपल्या सगळ्यांत थोडाथोडा वाटला जातो. कुणीच नाही उचलला, तर तो आजारी मुलाच्या आईवर येऊन पडतो.

हे आपल्यासाठी दूरचं नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस आहेत, नुसती पानं आणि बिया नाहीत, म्हणून भांगेचे आयुर्वेदिक कल्प कायदेशीर राहिले. त्याच कायद्यात औषधासाठी, संशोधनासाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, 27 विरुद्ध 25, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. तेव्हा कधीतरी तुमच्या फोनवर 'भारतातही वैद्यकीय गांजा' अशी ठळक बातमी येऊ शकते. त्या दिवशी लक्षात ठेवा, आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या खर्चाचा असतो. रोजच्या गोळ्या आणि थेंब बहुधा आपल्याच खिशातून. आणि अपस्माराचं औषध रोजचं असतं.

जाता जाता एक कळकळीचं सांगणं. घरात कुणाला फिट्स येत असतील तर हा भाग ऐकून ऑनलाइन तेल मागवू नका, आणि चालू गोळ्या तर अजिबात बंद करू नका. सीबीडीमुळे क्लोबाझॅमसारख्या औषधाचा असर वाढतो, व्हॅल्प्रोएटबरोबर घेतलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. आपल्या न्यूरोलॉजिस्टशीच बोला.

आणि ती ठळक बातमी आलीच, तर 'परवानगी मिळाली' या ओळीवर थांबू नका. खाली स्क्रोल करा आणि बघा, पैसे कोण देणार ते लिहिलंय का. नसेल, तर कॉमेंटमध्ये तेवढंच विचारा. भेटू पुढच्या भागात.